मारबुर्गची भंगलेली पंक्ति

पंक्तिभेदाचें दुःख आम्हांस नवें नाहीं. तथापि एकाच प्रभूच्या मेजाभोंवतीं तो पडावा, याचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १५२९ च्या आक्टोबरांत हेसचा संस्थानिक फिलिप यानें ल्यूथर व झ्विंग्ली यांस मारबुर्गच्या गढींत एकत्र आणिलें. पंधरा कलमांपैकीं चौदांवर उभयतांचें एकमत झालें. अडलें तें प्रभुभोजनापाशीं. ख्रिस्तानें भाकरीस आपलें शरीर म्हटलें, तें ल्यूथर अक्षरशः घेई, झ्विंग्ली लाक्षणिक मानी. झ्विंग्लीनें बंधुत्वाची याचना केली. ल्यूथरनें ती नाकारिली.

पुढें १९७३ सालीं बाझलजवळील लॉयेनबर्ग येथें ल्यूथरपंथी व झ्विंग्लीच्या परंपरेंतील मंडळ्यांचा करार तयार झाला. भोजनांत प्रभु स्वतःस देतो, एवढें उभयतांनीं मान्य केलें. तो कसा देतो, हा वाद पंक्तीच्या आड येऊं दिला नाहीं. पूर्वजांचे निषेध चालू शिकवणीस लागू नाहींत, असेंहि ठरविलें.

ल्यूथरचा आग्रह सत्यासाठीं होता, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु जें दान उभयतांस सारखेंच मिळत होतें, त्याच्या रीतीवरून ४४४ वर्षें पानें वेगळीं मांडावीं लागलीं. रोमन व प्रॉटेस्टंट यांचीं पानें तर अद्यापि वेगळींच आहेत.