सगळे कधीच चालत नव्हते

मिश्र मार्शल आर्ट्सचे मूळ अनेकजण ग्रीकांच्या 'पांक्रातिऑन'मध्ये शोधतात. 'पान' म्हणजे सर्व, 'क्रातोस' म्हणजे बळ. इ.स.पू. 648 मध्ये ऑलिंपिकमध्ये आलेल्या या लढतीत गुद्दे, लाथा, पेच, गळा आवळणे, सारे मान्य होते; चावणे आणि डोळ्यांत बोटे खुपसणे तेवढे निषिद्ध. साम्य थक्क करणारे आहे, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. ती परंपरा प्राचीन काळीच खंडित झाली. आजच्या खेळाची नाळ जुळते ती ब्राझीलच्या 'व्हाली तुदो'शी. या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ 'सगळे चालते'. त्या आखाड्यांत नाव कमावलेल्या ग्रेसी घराण्यातील रोरियन यांनी 1993 मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप) स्पर्धा उभी करण्यात पुढाकार घेतला आणि त्यांचा सडपातळ भाऊ रॉयस धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर खेचून जिंकला.

पुढच्या नियमांनी हा खेळ पातळ केला, असा आक्षेप घेतला जातो. तो नावाला भुलणारा आहे. डेन्व्हरलाही चावणे आणि डोळ्यांवर घाला वर्ज्यच होता, थेट ग्रीकांसारखा. न्यू जर्सीत 2000 च्या सुमारास आकाराला आलेल्या एकसमान नियमावलीने तेच कुंपण रुंदावले. न्यूयॉर्क राज्याने व्यावसायिक लढतींवरील बंदी 2016 मध्ये उठवली, तेव्हा ती नियमावली अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रुळली होती.