बाहत्तरचा दुष्काळ आणि उतारवयातली तहान

जालन्याचा इतिहास पाण्याभोवती फिरतो. जमशेद खानाने शहराच्या पश्चिमेला मोठा तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी आणल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. तोच आजचा मोती तलाव. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा जलाशय झाला. तरीही 1972 आणि 2012-13 चे दुष्काळ या भागाने सोसले. 1981 मध्ये जिल्हा झाला, पण टँकर काही सुटले नाहीत.

बाहत्तरला जे दहा-पंधरा वर्षांचे होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. सुकडी खाल्लेली, खडी फोडलेली, हंड्यासाठी कोसभर चाललेली ही पिढी. पाणी जपून वापरायचे, तहान मारायची, हे त्यांच्या अंगवळणी पडले. बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण होते: घरात शौचालय नाही, म्हणून दिवसा पाणीच कमी प्यायचे. आता नळ आला, संडास आला, पण सवय गेली नाही.

या सवयीला वयाची जोड मिळते. 1984 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 67 ते 75 वर्षांचे सात निरोगी पुरुष आणि 20 ते 31 वर्षांचे सात तरुण घेतले आणि त्यांना 24 तास पाणी दिले नाही. ज्येष्ठांच्या रक्तातले सोडियम तरुणांपेक्षा जास्त वाढले, तरी त्यांना तहान कमी लागली. पाणी समोर ठेवल्यावरही ते कमीच प्याले. म्हणजे शरीराला पाणी हवे असते, पण मेंदूची घंटा नीट वाजत नाही. शिवाय वयानुसार मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद घटते.

याची किंमत जगाने मोजली आहे. 2003 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेने सुमारे 15 हजार बळी घेतले. त्यांत बहुतांश वृद्ध होते. त्यानंतर तिथे एकट्या वृद्धांची विचारपूस करण्याची व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आणला.

दिलासा देणारा इतिहासही आहे. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आली. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले आणि मृत्यू झपाट्याने घटले. घरच्या माणसाला शिकवले तर जीव वाचतो, हे तिथे सिद्ध झाले.

तेच आपल्या घरी करायचे आहे. "आजी, पाणी पी गं" एवढे सांगून भागत नाही. तहानेची वाट न पाहता वेळ ठरवा: उठल्यावर, प्रत्येक जेवणासोबत, गोळ्या घेताना, दुपारी चारला. तांब्या-पेला हाताशी ठेवा. ताक, पेज, वरणाचे पाणी, टरबूज हेही चालते. रात्री उठावे लागते म्हणून पाणी टाळत असतील, तर बरेचसे पाणी संध्याकाळपर्यंत पाजा.

हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. जुलाब नसताना ओआरएस रोज देऊ नका, त्यात मीठ असते.

लघवी गडद व कमी होणे, उठताना चक्कर, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे दिसले तर "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात आणा.