बंद, बटण आणि माप : कोल्हापुरी पुरुषवेषातील रुचिभेद

'जसा देश तसा वेश' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु एकाच गल्लीत एकास अंगाबरोबर बसणारा कोट आवडतो आणि त्याच्या शेजाऱ्यास सैल सदऱ्यावाचून चैन पडत नाही, याचा उलगडा त्या म्हणीने होत नाही. संतश्रेष्ठ नामदेवरायांचा वारसा सांगणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे कपडे बेतणाऱ्या आपल्या ज्ञातीने तरी हा रुचिभेद जाणून घेणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील जुना पुरुषवेष बंदांचा होता. अंगरखा काय किंवा बाराबंदी काय, दोन्ही बंदांनी बांधावयाची. कापडाच्या सरळ पट्ट्या, घेरासाठी तिरप्या कळ्या आणि हात मोकळा राहावा म्हणून बगलेत चौकोनी तुकडा, अशी त्यांची साधारण रचना असे. बंद कोणत्या बाजूस यावा यालाही अर्थ होता. मोगल काळात हिंदूंचा जामा डाव्या बगलेखाली व मुसलमानांचा उजव्या बगलेखाली बांधला जाई, आणि जुन्या चित्रांतील व्यक्ती ओळखताना अभ्यासक आजही ही खूण पाहतात. या वेषाची खरी सोय अशी, की जेवणापूर्वी घट्ट बांधलेला बंद जेवणानंतर सैल करता येई. तंग की सैल, याचा निर्णय नेसणाऱ्याच्याच हाती होता.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाबरोबर बटणांचा कोट आला. अमेरिकेत आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढे तशी यंत्रे आपल्या दुकानांतूनही खडखडू लागली. कोटाचा खांदा, गोल मुंढा, अस्तर आणि आतील कडक कापड ही सर्वच विद्या निराळी होती. बटण एकदा लावले की जागचे हलत नाही. म्हणून सैल-तंगाचा जो निर्णय पूर्वी गिऱ्हाइकाच्या बोटांत होता, तो शिंप्याच्या कातरीत आला. आपल्या धंद्याची जबाबदारी तेथून वाढली, असे आम्हांस वाटते.

कोल्हापुरात या काळाला राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीची जोड मिळाली. १८९४ साली त्यांनी अधिकारसूत्रे हाती घेतली. १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला गेला आणि कापड गावातच निघण्याची सोय झाली. निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली, त्यांत १९०८ चे नामदेव बोर्डिंगही होते. शिकून कचेरीत जाणाऱ्या तरुणास बंद गळ्याचा कोट हवासा झाला. शेतात राबणाऱ्यास मात्र वाकता येईल असा सैल सदराच हवा होता. त्यांत भर पहिलवानांची! खासबागेच्या या गावात मानेचा घेर, छाती आणि कंबर यांचा मेळ कोणत्याही ठरीव कोष्टकात बसत नाही.

आमच्या उमेदवारीच्या दिवसांतील एक फजिती येथे सांगतो. एका पहिलवानाचा कोट आम्ही बेतला. हात मोकळे राहावेत म्हणून मुंढा चांगला खोल घेतला. कच्च्या शिलाईवर कोट चढवून त्यांनी रामराम करण्यास हात उचलले, तो सारा कोट खांद्यासह वर आला! वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "अरे, मुंढा जितका खोल, तितका हात कोटाला धरून ओढतो. मुंढा बगलेलगत ठेव आणि सैलपणा पाठीत दे." लंडनचे नामांकित शिंपी फ्रेडरिक शोल्टे यांनी ब्रिटिश युवराजांसाठी जो कोट घडविला, त्याचेही मर्म लहान मुंढा आणि छाती-पाठीवरील जादा कापड हेच होते, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले, तेव्हा वडिलांची आठवण झाली.

म्हणून अमुक रुची उच्च आणि अमुक गावंढळ, असा भेद करणे आम्हांस मान्य नाही. लोकमान्य टिळकांनी अंगरखा, उपरणे व पगडी सोडली नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नीटस सूट अंगीकारला. ज्या समाजाला चांगले वस्त्रही नाकारले गेले होते, त्याच्या नेत्याच्या अंगावरील तो सूट स्वाभिमानाचीच भाषा बोलत होता. जोधपुरी विजारीत तर दोन्ही रुची एकत्र नांदतात. मांडीशी ती ऐसपैस, पोटरीशी चपखल!

आज हा निर्णय गिऱ्हाइकाकडेही नाही आणि शिंप्याकडेही नाही. तो दूरच्या कारखान्यात तीन-चार ठरीव मापांत होऊन जातो. तयार कपडा स्वस्त पडतो, तत्काळ मिळतो. त्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपली मुले अन्य व्यवसायांत नाव काढीत आहेत, याचाही आम्हांस अभिमानच आहे. खंत आहे ती एवढीच, की विद्या लिहून न ठेवताच लोपत आहे.

वडिलांची मापवही आम्ही अद्याप जपली आहे. आकड्यांशेजारी त्यांच्या बारीक अक्षरातील टिपा आहेत : 'उजवा खांदा उतरता', 'गळा सैल मागतात', 'मांडी घालून बसतात, घेर वाढवावा'. ती माणसे गेली, ते कोटही विरले. परंतु त्यांच्या चालीबोलीचा आणि आवडीनिवडीचा इतिहास त्या वहीत शिल्लक आहे. अशा वह्या, कागदी बेत आणि जुन्या कातरी अनेक घरांच्या माळ्यांवर पडून असतील. त्या रद्दीत वा मोडीत न घालता संस्थेकडे पाहावयास तरी आणाव्यात, आणि घरातील वृद्ध मास्तरांकडून त्यांतील खुणांचे अर्थ वेळीच लिहून घ्यावेत, अशी सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.