बोलण्यातील विलंबाचे मोजमाप : पॅरिस ते पालघर

लहान मुलाला बोलण्यास उशीर होत असेल, तर त्याची कारणे शोधता येतात आणि वेळीच साहाय्य करता येते, ही जाणीव जेमतेम दोन शतकांची आहे. दक्षिण फ्रान्सच्या आव्हेराँ भागातील रानात सापडलेला, एकही शब्द न बोलणारा, सुमारे बारा वर्षांचा मुलगा १८०० साली पॅरिसला आणला गेला, तेव्हा नामवंत वैद्य फिलिप पिनेल यांनी त्याची बौद्धिक अवस्था असाध्य ठरवली. परंतु मूकबधिरांच्या संस्थेतील तरुण डॉक्टर झाँ इतार यांनी, मानवी सहवासाअभावी त्याची वाढ खुंटली असावी, असे मानून त्याला सुमारे पाच वर्षे शिकवले. व्हिक्तोर हे नाव मिळालेल्या या मुलाला कित्येक शब्द कळू लागले, लिहिलेली नावे ओळखता येऊ लागली, मात्र बोलणे जवळजवळ आलेच नाही. इतारांच्या १८०१ आणि १८०६ च्या अहवालांचे महत्त्व याच विसंगतीत आहे. कारण ऐकणे, ऐकलेले समजणे (ग्रहणात्मक भाषा) आणि स्वतः बोलणे (अभिव्यक्तीची भाषा) या निरनिराळ्या क्षमता असून त्यांची तपासणीही निरनिराळी करावी लागते, हे त्यांतून दिसून येते.

कोणत्या वयात काय यावे, याचे पद्धतशीर कोष्टक विसाव्या शतकात तयार झाले. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९११ पासून आर्नल्ड गेझेल यांनी बालकांची निरीक्षणे केली, पुढे चलच्चित्रणाचाही आधार घेतला आणि हालचाल, परिस्थितीशी जुळवून घेणे, भाषा व सामाजिक वर्तन अशी विकासाची चार अंगे मांडली. यांपैकी एका किंवा अधिक अंगांत मूल समवयस्कांच्या बरेच मागे असणे, म्हणजे विकासात्मक विलंब. तथापि गेझेल यांची कोष्टके मुख्यतः एका अमेरिकन शहरातील मध्यमवर्गीय मुलांवर आधारलेली असल्याने, ती सर्वत्र जशीच्या तशी लावणे न्याय्य नव्हते. ही उणीव भारतापुरती भरून काढण्याचे मोठे श्रेय बडोद्यात संशोधन करणाऱ्या प्रमिला फाटक यांना जाते. १९७० मध्ये सिद्ध झालेल्या त्यांच्या मापनश्रेणीत जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बालकांसाठी ६७ कारक, म्हणजे हालचालींच्या, आणि १६३ मानसिक कसोट्या आहेत.

पुढे २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि जन्मजात दोष, पोषणद्रव्यांची कमतरता व आजार यांच्या जोडीला विकासात्मक विलंबही सार्वजनिक आरोग्याच्या तपासणीत आला. अंगणवाडीत पथकाने तपासलेल्या मुलाला गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद त्यात आहे. तरीही ‘मुलगे उशिराच बोलतात’ अशा समजुतीत घरोघरी मोलाचा काळ वाया जातो. बोलण्यास उशीर होणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आणि विकासतपासणी विनाविलंब होणे अगत्याचे आहे. कारण या मोजमापाचा खरा हेतू मुलावर शिक्का मारण्याचा नसून, मेंदूची वाढ वेगाने होत असतानाच त्याला योग्य ती मदत मिळवून देण्याचा आहे.