नेल

नेल : वेबवरील मजकूर अखंड वाचून त्यातून तथ्ये गोळा करणारी व त्या तथ्यांच्या आधारे पुढचे वाचन सुधारणारी संगणकप्रणाली. ‘नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर’ या नावाचे हे संक्षिप्त रूप. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व सहकाऱ्यांनी ती विकसित केली. जानेवारी २०१० मध्ये ती कार्यरत झाली.

पूर्वपीठिका : ‘मुंबई, पुणे यांसारखी शहरे’ अशा ठरावीक वाक्यरचनांवरून वस्तूचा वर्ग ओळखता येतो, हे मार्टी हर्स्ट यांनी १९९२ मध्ये दाखविले. थोड्या उदाहरणांतून रचना शोधायच्या व त्या रचनांतून नवी उदाहरणे मिळवायची, ही पद्धत सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडली. या पद्धतीत एक चूक शिरली की त्या चुकीतून पुढच्या चुका निपजतात व अचूकता घसरत जाते. उदाहरणार्थ, नेलमध्ये ‘इंटरनेट कुकीज’ची गणना भाजलेल्या खाद्यपदार्थांत झाली, कुकीज ‘डिलीट’ केल्या जातात म्हणून संगणकातील फायलीही त्याच वर्गात गेल्या.

कार्यपद्धती : या घसरणीला आवर घालण्यासाठी शेकडो गोष्टी एकत्र शिकविणे हे नेलचे मुख्य वैशिष्ट्य होय. आरंभी १२३ वर्ग, ५५ संबंध आणि प्रत्येकासाठी १० ते १५ उदाहरणे दिली होती. काही वर्ग परस्परांना वर्ज्य असतात. तसेच ‘मुख्यालय’ या संबंधात एका बाजूस कंपनी व दुसऱ्या बाजूस शहरच हवे. अशा बंधनांमुळे एका वर्गाचे ज्ञान दुसऱ्याची चूक पकडते. वाचनाचे काम चार घटकांत विभागलेले आहे. एक घटक वाक्यरचना पाहतो, दुसरा वेबपानांवरील याद्या व तक्ते, तिसरा शब्दांची ठेवण. चौथा जमलेल्या तथ्यांवरून नियम बसवितो व ते नियम माणसे तपासतात. एखाद्या घटकाची खात्री ०.९ हून अधिक असेल किंवा अनेक घटकांनी तेच तथ्य सुचविले असेल, तर ते ज्ञानसाठ्यात जाते.

पहिली चाचणी : सुमारे ५० कोटी इंग्रजी वेबपानांतील २०० कोटी वाक्ये हे वाचनसाहित्य होते. ६७ दिवसांत ६६ फेऱ्या होऊन २,४२,४५३ तथ्ये जमली. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के वर्गविषयक होती, संबंधविषयक अवघी ५ टक्के. एकूण अचूकता अंदाजे ७४ टक्के होती. मात्र फेऱ्यांच्या पहिल्या तृतीयांशातील ९० टक्क्यांवरून ती दुसऱ्यात ७१ व अखेरच्यात ५७ टक्क्यांवर आली. बंधनांनी घसरण मंदावते, थांबत नाही, हा या चाचणीचा महत्त्वाचा धडा होय. पुढे माणसांकडून अधूनमधून दुरुस्त्या घेण्यात आल्या.

मूल्यमापन : या प्रक्रियेस ‘आकलन’ म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत. २०१८ पर्यंत साठ्यात कमीअधिक खात्रीची सुमारे १२ कोटी विधाने होती. प्रत्येक विधानासोबत खात्रीचा अंक व आधार नोंदलेला असल्याने चुकीचे मूळ शोधता येते. ज्ञानसाठ्याच्या विश्वासार्हतेसाठी ही सोय मोलाची आहे.

इतर भाषा : ब्राझीलमध्ये पोर्तुगीज मजकुरासाठी हीच पद्धत वापरण्यात आली.