एका नाण्यावरची दोन सरकारे

काट्यावर नाणे २५ ग्रॅमला जरा कमी भरले, तेव्हाच मी ओळखले, हे पाच फ्रँक. चांदी नव्वद टक्के. एका बाजूला नेपोलियन, शेजारी 'सम्राट' ही पदवी. उलटवले तर 'फ्रेंच प्रजासत्ताक'! खाली वर्ष १३, म्हणजे क्रांतीच्या कालगणनेतले, आपले १८०४-०५. ही विसंगती १८०८पर्यंत चालली. १८०९पासून तिथे 'साम्राज्य' आले. वर्षाशेजारचे 'ए' अक्षर पॅरिसच्या टाकसाळीचे. मोडीत साडेबावीस ग्रॅम चांदीचे पैसे येतील. संग्राहक मात्र टाकसाळ आणि झीज पाहून भाव करतो. लहानपणी मीच ते देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासले होते. दोन शतकांचा काळपटपणा गेला आणि त्याबरोबर बरीचशी किंमतही. तरी मोडीत घालायला हात होत नाही.