लिनक्समधील उघड्या फाइलींची अपुरी यादी

लिनक्स प्रणालीत कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल उघडून ठेवली आहे, हे पाहण्यासाठी 'एलएसओएफ' ही आज्ञा वापरली जाते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे व्हिक एबेल हे तिचे मूळ कर्ते. तिची खरी निकड भासते ती सर्व्हरची डिस्क अचानक भरल्यावर. 'डीएफ' ही आज्ञा जागा संपल्याचे सांगते, तर 'डीयू'ने केलेली फाइलींची बेरीज त्याहून बरीच कमी भरते. बहुधा एखादी अवाढव्य लॉग फाइल कोणी पुसलेली असते. परंतु ती उघडून बसलेली सेवा चालूच असल्याने जागा मोकळी झालेली नसते. अशा वेळी साध्या खात्यातून एलएसओएफ चालवल्यास काहीच सापडत नाही आणि शोध भलतीकडे वळतो.

याचे मूळ परवानग्यांत आहे. चालू असलेल्या प्रत्येक प्रक्रियेची माहिती कर्नल 'प्रॉक' या डिरेक्टरीत, त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली मांडतो. तेथील 'एफडी' या उपडिरेक्टरीत उघड्या फाइलींचे दुवे असतात आणि ते प्रक्रियेचा मालक व 'रूट' यांनाच वाचता येतात. वेबसर्व्हर, डेटाबेस यांची खाती सहसा स्वतंत्र असतात. साहजिकच इतरांना तेथे 'पर्मिशन डिनाइड' असे उत्तर मिळते. हे उत्तर दिसले तर उत्तमच. एका विशिष्ट फाइलीची किंवा पोर्टची चौकशी केली, तर यादी निमूटपणे रिकामी येते आणि फाइल कोणीच उघडलेली नाही असा समज होतो. कर्नल ३.३ पासून (२०१२) उपलब्ध असलेला 'हाइडपिड' हा पर्याय कडक ठेवला असल्यास परक्या प्रक्रिया मुळात दिसतच नाहीत. 'एसएसएच-एजंट'सारखी प्रक्रिया तर सुरक्षिततेसाठी स्वतःच्या मालकालाही दाद देत नाही.

'सुडो' लावून तीच आज्ञा पुन्हा देणे हा सरळ उपाय. सोबत अधिक चिन्ह, मोठ्या लिपीतील एल आणि १ हा पर्याय जोडला, की पुसलेल्या पण उघड्या फाइली तेवढ्या समोर येतात; संबंधित सेवा रीतसर पुन्हा सुरू केल्यावर जागा सुटते. सुडोचा सरसकट अधिकार द्यायचा नसेल, तर व्यवस्थापकाला 'व्हिसुडो'द्वारे नेमक्या त्याच आज्ञेची मुभा देता येते. एलएसओएफला 'सेटयूआयडी' बिट लावण्याचा आडमार्ग मात्र टाळावा. त्यामुळे कोणी काय उघडले आहे हे मशीनवरील प्रत्येकाला दिसू शकते.

रूट म्हणून चालवूनही डेस्कटॉपवर 'माहिती अपुरी असू शकते' असा इशारा कधी कधी येतो. 'फ्यूज' पद्धतीने जोडलेल्या फाइलप्रणालीत, वेगळी सवलत दिलेली नसल्यास, जोडणाऱ्याखेरीज कोणालाही, अगदी रूटलाही, प्रवेश नसतो. डिस्कच्या शोधात या इशाऱ्याकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष केले तरी चालते.